काळ्या दोऱ्याची बाटली

नाशिक, २ मार्च २०२४

ती. सौ. अक्कास, दिपालीचा सा. न. वि. वि.

सोबत खोकल्याच्या काढ्याच्या बाटलीत लाल वाइन आहे. दचकू नकोस आणि दाजींना दाखवू नकोस. तुमच्या घरातला एकुलता फोन त्यांच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र.

अक्का, साथीच्या तापात माझा वास गेला तो परत आलाच नाही. गुलाब आणि फिनेल मला सारखेच. आणि नोकरी काय, तर कारखान्यात वाइन पारखायची! आजवर इतरांच्या माना डोलताना बघून निभावलं. या नव्या वाइनवर मात्र पहिलं मत माझंच मागितलंय. तेव्हा तुझं नाक आठवलं. नुसतं दूध हुंगून शेळीने बाभळीच्या शेंगा खाल्ल्या की कडुनिंब ओरबाडला, हे तू आबांना सांगायचीस. तसंच यातलं सगळं मला लिहून कळव.

तुला सातवीतून काढून शेळ्यांमागे धाडलं, म्हणून मी परभणीला शिकले. हे मी विसरलेले नाही. निकिताची बारावी झाली की जूनपासून तिला माझ्याकडे ठेवून कॉलेजात घालते. शब्द देते.

धाकटीवर माया राहू दे.
तुझी दिपाली

*

येलदरी, ११ मार्च

चि. सौ. दिपालीस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल.

भर दुपारी धरणाच्या काठाला शेळ्या बसल्यावर बाटली उघडली. म्हातारपणी बहिणीने दारू पाजली म्हणायची! आधी जांभूळ आलं. झाडावरचं नव्हे, खाली पडून उन्हात फुटलेलं, ज्याला मुंग्या लागतात ते. त्याच्यामागून काळ्या मिऱ्याची धग. घोट तोंडात धरला तर लय भरदार, गाल आतून रंगल्यासारखे वाटले. गिळल्यावर बाभळीची साल चघळल्यागत जीभ तुरट झाली आणि अगदी शेवटी नव्या चपलेचं कातडं. वाईट नाही. दुसरा घोट मी कामासाठी घेतला नाही, हे तुझ्यापाशी कबूल करते.

निकिताला तुझा शब्द सांगितला. दिवसभर उड्या मारायलीय. तिला अठरा पूर्ण झाली, म्हणून तुझे दाजी स्थळ बघून बसलेत. मावशीकडं ऱ्हाऊन शिकत आसंल तर शिकू दे, न्हाईतर उन्हाळ्यातच उरकून टाकू, असं स्पष्ट बोलले. पोरीचं सगळं आता तुझ्या हातात आहे.

आमच्या आठवणीत खंड पडू देऊ नकोस.
तुझी अक्का

*

नाशिक, २० एप्रिल

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या जांभळाने कमाल केली! उन्हात फुटलेलं जांभूळ म्हणताच मोठे साहेब उठून उभे राहिले. ते शब्द आता बाटलीवर छापणार आहेत. माझा पगार वाढला, केबिन मिळाली. असं सुचतं कुठून, असं सगळे विचारतात. मी नुसती हसते.

निकिताचं मात्र यंदा जमणार नाही. खोली एकच जादा आहे आणि आमच्याकडे सारखे मोठे लोक जेवायला येतात. पोरीच्या कपड्यांना शेळ्यांचा वास येईल, पाहुणे काय म्हणतील, असं आमचे सुरज गमतीने म्हणाले. मला तर तो येणारही नाही, पण त्यांचं अगदीच चुकीचं नाही. राग मानू नकोस. सगळ्याच पोरींनी शिकलं तर शेळ्या कोण राखणार!

यावेळी तीन बाटल्या पाठवते. लाल, पांढरा आणि काळा दोरा बांधलाय. तीन पिंपांमधलं एक परदेशी पाहुण्यांसमोर मला निवडायचंय आणि सगळ्यांच्या आधी त्याची तारीफ करायचीय. उत्तम कोणती ते लवकर कळव. माझी सगळी इभ्रत यावर आहे.

नेहमीसारखी माया कर.
दिपाली

*

येलदरी, २९ एप्रिल

चि. सौ. दिपालीस आशीर्वाद.

राग कशाचा? तुझ्या घरचं तुला बघावं लागतं. तुझं पत्र निकिताने स्वतःच वाचलं, मला सांगायची वेळ आली नाही. नंतर ती बराच वेळ ओढणी हुंगत बसली होती.

तिन्ही बाटल्या चाखल्या. लाल दोऱ्याची पातळ आहे, पांढऱ्याची बरी. काळ्या दोऱ्याची निवड. पिकलेल्या करवंदाचा घमघमाट, भाजलेल्या कवठाचा गर, वर लवंगेचा ठसका आणि घोट गिळल्यावरही गोडी मागे राहते. बिनधास्त तारीफ कर. हातचं राखून बोलू नकोस.

तुझा मोठेपणा वाढो, आमची ओळख राहो.
अक्का

*

नाशिक, २६ मे

ती. अक्कास सा. न.

सगळं संपलं गं. काळ्या दोऱ्याचं पिंप पाहुण्यांसमोर उघडलं. मी करवंद, कवठ, लवंग म्हणत पाच मिनिटं बोलले. त्यांनी पेले नाकाशी नेले आणि तसेच खाली ठेवले. एकीने तर नाकाला रुमाल लावला. पिंप नासलेलं होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत मला पुन्हा हुंगायला लावलं, पुन्हा विचारलं. मी पुन्हा करवंदच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नका म्हणून कळवलं. आता सुरजनाही माझ्या नाकाचं कळलंय, ते बोलत नाहीत.

तुला त्या दिवशी सर्दी होती का, अक्का? की बाटलीच प्रवासात बदलली? मी तुला दोष देत नाही. दुसऱ्या कारखान्यात ओळख आहे, पण सोबत कुणाचं तरी नाक हवं. निकिताला ताबडतोब पाठव. खोली तिचीच समज, कॉलेजातही घालते. माझ्यासाठी एवढं कर, मी हात जोडते.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही.
दिपाली

*

येलदरी, ४ जून

दिपालीस,

मला सर्दी नव्हती आणि बाटलीही बदलली नव्हती. बूच काढताच भिजून कुबट झालेल्या घोंगडीचा वास आला. घोटभर थुंकून टाकला, तोंड धुतलं आणि तुला करवंद लिहिलं. कवठ सुचायला जरा वेळ लागला.

तुझं पत्र पोचलं तेव्हा निकिता सासरी गेली होती. सव्वीसलाच लग्न झालं, तू पाहुण्यांच्या गोष्टी लिहीत होतीस त्याच दिवशी. तुला पत्रिका मुद्दाम धाडली नाही. मांडवात शेळ्यांचा वास होता. पोरगी रडली नाही. आता तिकडं तीस शेळ्या तिच्याकडं आहेत. शेळ्या कोण राखणार, ही तुझी काळजी मिटली.

खरी उत्तम पांढऱ्या दोऱ्याची होती. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही मायलेकींनी ती गोठ्यामागे बसून संपवली. मी काही सांगितलं नव्हतं. निकिताने डोळे मिटले आणि म्हणाली की आई, यात जांभूळ हाय, मिरी हाय, अन् मागून नव्या मडक्याचा वास येतोय. मडक्याचा मलाही आला नव्हता. तिचं नाक माझ्यापेक्षा तयार निघालं.

बाटली धुऊन ठेवलीय. तुझ्या पत्रांना उत्तर मिळणार नाही आणि माया मागू नकोस.

दैवशाला