ओझ्याखालची रेघ

कंग्राळी,
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णास, अंजनीचा सा. न. वि. वि.

जॅकवर उचललेलं चाक नीट फिरतं, मग ओझं लागल्यावर तेच का सुटतं? मला याचं उत्तर येत नाही. आप्पांनी टोमणा मारलाच, की घरात पहिली बी.एस्सी. झालीस आणि आपल्याच ट्रॅक्टरचं दुखणं कळेना व्हय. मी मान्य केलं, न्हाय कळत म्हणून.

तू निपाणीला मामांकडे निघून गेलास आणि फोनही उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. रताळ्यांची भरलेली ट्रॉली नदीच्या चढावर मागं आली, ती तुझा हात डळमळला म्हणून, असं आप्पा अजून धरून आहेत. भरमू मिस्त्रींनी चारही चाकं जॅकवर उचलून फोर व्हीलवर, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर देऊन, फिरवून पाहिली. चाकं गरागरा फिरली. मग ते म्हणाले की गाडी चांगली आहे, चालवणारा घाबरला. जयाबाई काकू त्या दिवशी ट्रॉलीच्या मागून चालत होती. वेळेवर बाजूला झाली, नाहीतर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. तरी ती म्हणते, पोराचा चेहरा घाबरलेल्याचा न्हवता.

मलाही ते पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा आठवून लिही: चढावर आवाज आला का? फोर व्हीलचा लिव्हर तू मधेच हलवलास का? मामांच्या तंबाखूच्या वखारीत पोती मोजायला तू जन्माला आला नाहीस, एवढं मात्र मी पुराव्याशिवाय म्हणते.

मारुतीराव मामांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
अंजनी

*

निपाणी,
१७ जानेवारी २०२५

चि. अंजनीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामा म्हणाले, पोरगी वकिलासारखी विचारतीया. इथं बरं चाललंय. तंबाखूनं शिंका येतात, पण तंबाखू चढावरून मागं येत नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. चढाच्या मध्यावर पुढून कट्-कट् असा आवाज आला आणि पुढचा जोर एकदम गेला. मागची चाकं मातीत जागच्या जागी फिरली, आणि गाडी मागं आली. मी क्लच दाबला होता का, हे आता मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. रोज रात्री वेगळंच आठवतं. म्हणून मी पुन्हा ट्रॅक्टरवर बसणार नाही. काकूच्या जागी कोण असतं तर?

लिव्हर मी हलवला नाही, हलवणार कसा? मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या खंडेनवमीच्या पूजेला आईनं सौंदत्तीहून आणलेला यल्लम्माचा दोरा त्या लिव्हरला आणि सीटच्या लोखंडी पट्टीला मिळून बांधला. नांगरट संपवून गाडी दारात आलेली, फोर व्हील टाकलेलंच होतं. देवीचा दोरा कोण सोडणार? तसंच सव्वा वर्ष शेतात चाललो आणि बेळगावच्या मार्केटलाही डांबरीवरून तसंच गेलो. वळणावर स्टेअरिंग जड लागायचं, टायर चुरचुरायचे. आप्पाही तसंच चालवायचे.

हे लिहिताना माझ्या मनात आलं, की खोट त्या दोऱ्यापासूनच सुरू झाली असेल; ते तुझ्याही मनात येईल. तसं निघालं, तर आईला सांगू नको. तिनं माझ्यासाठीच बांधलाय तो. दोष माझ्या हातावर गेला, तर जाऊ दे.

आईची काळजी घे, आणि या थोरल्याला विसरू नको.

तुझा,
अमृत अण्णा

*

कंग्राळी,
२६ जानेवारी २०२५

ती. अण्णास, सा. न. वि. वि.

पुरावा मिळाला. पाहिल्यापासून मी भारावल्यासारखी झाले आहे, त्यामुळे पत्र लांबलं तर सोसून घे.

गिअरबॉक्सकडून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट आहे ना, त्याच्यावरची झाकणाची नळी भरमू मिस्त्रींनी सरकवली. शाफ्ट कपलिंगमध्ये, म्हणजे जोडाच्या कड्यात, शिरतो तिथं रॉकेलनं पुसून मी दोन्हींवर मिळून माझ्या लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. मिस्त्री हसले, ट्रॅक्टरची नखं रंगवतीया म्हणाले. चाकं उचलून फिरवली, रेघ सरळ राहिली. मग खाली उतरवून मागं अर्धी भरलेली ट्रॉली जोडली. मागं कुणाला थांबू दिलं नाही. आप्पांनी चढाच्या पायथ्याशी जोर लावला. कट्-कट् झालं. इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून वाकून पाहिलं, तर रेघ तुटलेली. शाफ्टवरचा तुकडा एकीकडे, कपलिंगवरचा तीन बोटं दुसरीकडे.

अण्णा, लोखंडाच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कधीच दिसत नाही, आणि एवढ्याशा रेघेनं ते दाखवलं. कपलिंग उघडलं तर आतले दाते झिजून गुळगुळीत. रिकाम्या चाकाला फिरवण्यापुरते धरत होते, ओझं आलं की निसटत होते. मिस्त्री हसायचे थांबले आणि आपणहून म्हणाले की मी पोराला उगीच बोललो.

दाते का झिजले, तेही कळलं. चाकांवर खडूच्या खुणा करून गाडी चालवून पाहिली. पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त धावायला बघतं. ते तसंच बनवलेलं आहे, म्हणजे ते ओढत राहील. मऊ मातीत तेवढा फरक घसरून निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून तिथं फोर व्हील काढायचं असतं; दोऱ्यामुळं ते निघालंच नाही, आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठून दाते खात गेला. ज्यानं कुणी हे इतकं बारीक जुळवलं असेल, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. आप्पा रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, “अमृतचा हात न्हवता तर.”

आता तू रागावशील ते लिहिते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आईला सगळं सांगितलं. तिला वाचवायचं म्हणून तू जन्मभर स्वतःच्या हाताला भ्यावंस, हे मला मान्य नाही. आणि पुढच्या खंडेनवमीला तिनं पुन्हा तिथंच गाठ मारली असती. ती भाकरी तव्यावर तशीच सोडून चुलीपुढून उठली. मला वाटलं, माझं चुकलं. मग तिनं एवढंच विचारलं, “देवी रागावली न्हाय न्हवं त्याच्यावर?” म्हणजे इतके दिवस तिच्या मनात ते होतं, आणि आपण तिला दोऱ्यापासून जपत होतो. गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरवर चढून तिनंच गाठ सोडली. दोरा आता देव्हाऱ्यात आहे.

काल नवं कपलिंग बसलं. भरलेली ट्रॉली घेऊन आप्पा चढ चढले. पुढच्या चाकांनी माती धरली तेव्हा मला रडू आलं. ते जयाबाई काकूनं पाहिलं, आणि आता गावभर सांगत सुटली आहे.

मामा-मामींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नको.

तुझी,
अंजनी

ता. क. शेवटच्या ओळी बेळगावच्या बसस्टँडवर लिहिते आहे. हे पत्र डाकेत टाकणार नाही. आई तुला न्यायला निघाली आहे. निपाणीच्या गाडीत मी तिला बसवलं आहे, आणि आता हे खिडकीतून तिच्या हातात देते.