मान वर केलेली गाडी

...आणि दाजी, मी तुमचं गॅरेज सोडून आलो म्हणून ‘त्याला पाना धरता येत नाही’ असं तुम्ही ताईजवळ बोललात, ते माझ्यापर्यंत पोचलंय. ताईच्या पोटात काही राहत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तुम्हाला कळू नये म्हणजे कमाल आहे. (नमस्कार राहिला. तो वर कोपऱ्यात लिहिलाय असं समजा. कंबर कशी आहे? ताईला म्हणावं, मी वेळेवर जेवतो, आंघोळही करतो.) तर पाना धरता येतो. इतका, की आमच्या मालकांची गाडी पुढून पूर्ण उघडून मी पुन्हा जोडली.

मालकांची लॉन्ड्री आणि मी त्यांचा ड्रायव्हर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हॉटेलांच्या चादरी पोचवायच्या. गाडी जुनी, खड्डा आला की खालून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज. इथल्या गॅरेजवाल्याने खर्च सांगितला तसे मालक म्हणाले, त्यापेक्षा गाडीच विकतो, चादरी भाड्याच्या टेम्पोने जातील. चादरी टेम्पोने गेल्यावर मी कुठे जाणार, ते मला लगेच दिसलं. तुमच्याकडे, टोमणे खायला. तोंडातून निघून गेलं, “मालक, मी करतो. आमचे दाजी यातले उस्ताद आहेत.” (हे वेळ मारून न्यायला बोललो. हुरळून जाऊ नका.)

लॉन्ड्रीमागच्या अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली ठोकळे लावले, चाकं काढली, चाकांना गाडीशी जोडणारे दोन्हीकडचे लोखंडी लोअर आर्म उतरवले. त्यांच्यातले बुश पार गेले होते. (ताईला वाचून दाखवाल म्हणून सांगतो, लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून मधे बसवलेली ती रबराची बांगडी.) नवे बुश साबण लावून दाबून बसवले. साबणाला लॉन्ड्रीत काय तोटा! आर्म परत चढवताना मात्र भोकाला भोक मिळेना. शेवटी इस्त्रीवाल्या मावशींना पहारीच्या टोकावर बसवलं. भोकं समोरासमोर आली, बोल्ट सरकला, आणि मावशी उठेनात. म्हणाल्या, इस्त्रीपेक्षा हे काम बरंय.

आता तुमचा तो जुना हट्ट, की शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करूनच करायचं. का? तर तुमच्या उस्तादांनी सांगितलं म्हणून. अहो, गाडी वर असताना खाली माणूस ऐसपैस झोपतो, पाना पुरा फिरतो. मी लोंबत्या आर्मवरच सगळं कचकचून आवळलं. आणि खाली उतरवली तर काय, गाडी पुढून दोन बोटं उंच! म्हातारी मान वर करून उभी. मालकांनी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना हाक मारून बोलावलं. “बघा, तुमच्या नव्या गाडीपेक्षा रुबाब आहे की नाही?” डॉक्टर किडक्या दाढेकडे बघावं तसे वाकून बघत राहिले. गाडी विकायची भाषा बंद झाली. तेव्हा ते वाक्य ताईसमोर मागे घ्या, एवढंच म्हणणं.

तुमचा,
पाना धरता येणारा मेहुणा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात गाडी वळणावर कण्हायला लागली. खाली शिरलो तर आर्म लोंबते असताना जखडलेली नवी रबरं गाडीच्या वजनाने पिळलेल्या चादरीसारखी झालेली, एका ठिकाणी चिरायच्या बेतात. मग चाकांखाली जाड फळ्या घातल्या आणि गाडी स्वतःच्या पायांवर उभी असतानाच बोल्ट सैल केले. रबराचा पीळ सुटला, गाडी हळूच खाली बसली, मग आवळले. नाक खरचटलं, कण्हणं गेलं. (तुमचे उस्ताद अगदीच वेडे नव्हते.)

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. मालकांना वाटतंय, मी गाडी बिघडवली. “परवासारखी उंच करून दे, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो,” म्हणतात. डॉक्टरांना तोंड दाखवायला जागा नाही राहिली म्हणे. उंच करून देणं माझ्या हातचा मळ आहे, पण त्या गाडीतून मालकीणबाई आणि पोरं फिरतात. मी करणार नाही. म्हणून रविवारी मालक तुम्हाला फोन करतील. आवाज जरा भारदस्त काढा आणि सांगा की गाडी अशीच असायला हवी, पोराने बरोबर केलंय. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आणि फुकटचा सल्ला मला लागू पडत नाही, हे आता दोघांनाही कळलंय, म्हणून या वेळी पैसे मोजून पाठवतोय. ताईचे नेहमीचे तीन हजार, उस्ताद दाजींचे पन्नास.