राहून गेलेली ओळ

प्रिय चिमणे,

आठवतं का गं, पाणीपुरवठ्याच्या त्या कॉम्प्युटरच्या खोलीत आपण एकाच डब्यात जेवत होतो आणि मी नुकताच लिहिलेला थ्रेड, तो एकच काम फेऱ्या मारत करणारा प्रोग्रामचा धागा, तुला कौतुकाने दाखवत होते? कर्नलच्या, म्हणजे मशीनच्या अगदी गाभ्यातल्या प्रोग्रामच्या, आत बसून तो पंपांवर अखंड नजर ठेवणार होता. तू भरल्या तोंडाने विचारलंस, "आणि हा थांबायचा कसा?" मी म्हटलं, "थांबवायचा कशाला? लोक काय पाणी प्यायचे थांबणार आहेत?" उत्तर लिहून झालं की पुन्हा वाचावं, हे शाळेत सिस्टरांनी शंभरदा बजावलं होतं. मी वाचलं नाही.

कर्नलमधला थ्रेड बाहेरून मारता येत नाही, तुला काय सांगायचं! त्याला थांब म्हणायचं आणि कुणी थांब म्हटलंय का, हे त्याने प्रत्येक फेरीला स्वतः पाहायचं. ती पाहण्याची ओळच मी लिहिली नव्हती. तू बदली होऊन गेल्यावर साहेबांनी थांबायचा हुकूम देऊन पाहिला. थ्रेड फिरतच राहिला आणि हुकूम देणारा प्रोग्रामच त्याची वाट पाहत लटकला. मशीन बंद करावं तर अर्ध्या शहराचे पंप बंद. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं बाळ, तुम्हीच सांभाळा." निवृत्त झाले तरी बोलावणी संपेनात. लेकीच्या बाळंतपणाला गेले, तर तिसऱ्या दिवशी गाडी दारात. हे तर त्याला माझी सवत म्हणतात.

गेल्या आठवड्यात सुचलं. तो फिरत असताना त्याची फेरी बदलता येत नाही. पण आकडे नोंदवायला तो दर फेरीत एका छोट्या फंक्शनला, वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याला, हाक मारतो. चालू मशीनमध्ये तेवढंच बदललं: थांब म्हटलेलं दिसलं, की नव्या थ्रेडकडे काम सोपव आणि तिथेच संप. काल दुपारी हुकूम दिला. चालू कामांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. पंपांना पत्ताही लागला नाही. नव्याला तीनदा थांबवून पाहिलं, शहाण्यासारखा थांबतो. मग जिन्यात जाऊन रडले.

आता खरं सांगते. पोटातल्या गाठीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या तीन तारखा मी याच थ्रेडचं नाव पुढे करून टाळल्या. आता सबब उरली नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. ह्यांना किरकोळ म्हणून सांगितलंय. काही कमीजास्त झालं, तर माझी कामाची वही माझ्या जागी आलेल्या बाईंना दे. कानातले लेकीला, पुस्तकं नातवाला. ह्यांच्या औषधांचा डबा ह्यांच्याच हातात दे, झाकणावर वेळा लिहिल्यात. आणि निळी शाल तुझी. तू मागायची नाहीस, म्हणून लिहून ठेवते.

तुझीच,
लंबू