येतो म्हणावं

१० जानेवारी
देवासचं घर बंद करून इंदूरला नातीजवळ आले. स्वानंदी विजयनगरच्या एका बारमध्ये गाते. कान धरून परत न्यावी असं मनात होतं, पण पोरगी खुशीत दिसली, आणि तिच्या मॅनेजरनं, तरुणनं, मलाच कामाला लावलं. दारालगत खिडकी आहे. पोरंपोरी हेल्मेट, जाकिटं देतात, मी नंबरचा बिल्ला देते. आत असं धडाडतं की माझा चहाचा कप बशीत नाचतो. चौसष्टाव्या वर्षी नोकरी लागली, मजा आहे.

११ जानेवारी
निघताना पोरं "चलते हैं आंटी" म्हणतात. मी टोकलं, आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणावं. मग घरचं माणूस "या" म्हणतं. एक मिशाळ भिया, इथं भाऊला भियाच म्हणतात, म्हणाला, "पक्का येतो दादी, कल ही येतो." मग बंद होईपर्यंत दारात "येतो आजी"चा गजर. स्वानंदी म्हणते, मी बारचं हळदीकुंकू करून टाकलं.

१२ जानेवारी
उंबऱ्याबाहेर एक मुलगा ताटकळत होता. हातात दोन हेल्मेटं, एक काळं, एक लाल. आत येईना, कुणी त्याला विचारीना. शेवटी मुकाट पाठ फिरवली. मला वाईट वाटलं. म्हटलं, असं न बोलता निघू नये बाळा. या हं उद्या, आत या. थांबला. मान हलवून गेला.

१३ जानेवारी
आला. लाल हेल्मेट खिडकीवर ठेवलं, बिल्ला घेतला नाही. हेल्मेट बर्फागत गार, आत रस्त्याची खडी. पुढच्या टेबलावर बसून तो स्वानंदीचं गाणं ऐकत राहिला. तरुणला दाखवलं, तर म्हणे टेबल रिकामं आहे. मग हेल्मेट दाखवलं, तेव्हा त्यानं ओळखलं आणि सांगितलं.
तो मुलगा दिवाळीतच देवासच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. त्या रात्री इथं प्रत्येकीला विचारत होता, सोबत चला, एकट्यानं जाववत नाही. कुणी गेलं नाही. तेव्हापासून कुणाकुणाला दाराशी दिसतो. पण कुणी बोलावल्याशिवाय आत येत नाही. तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं, तरुण म्हणाला.

१४ जानेवारी, संक्रांत
मयताच्या घरून निघताना आपल्यात येतो म्हणत नाहीत, कुणी या म्हणत नाही. हे मला जन्मभर ठाऊक. आणि मी मेलेल्यालाच—
स्वानंदीला म्हटलं, आज गाऊ नकोस. तिळगूळ तोंडात टाकून हसली. म्हणाली, एक मुलगा देवासला सोडतो म्हणतोय, आजींनीच बोलावलंय म्हणाला.

१५ जानेवारी
हेल्मेट नाल्यात टाकून आले. संध्याकाळी खिडकीत होतं. ओलं.
स्वानंदी जेवली नाही. हात गार आहेत.

१६ जानेवारी
खिडकीतच लिहितेय. आज त्याला जा म्हणणार. आजवर दारातून कुणालाही म्हटलं नाही, पण बोलावलं मी, घालवायचंही मीच.

गाणं मध्येच थांबलं.

दोघं येतायत. लाल हेल्मेट तिच्या हातात—

म्हटलं. जा म्हटलं. त्यानं मान हलवली, त्या दिवशीसारखीच. तिच्यासाठी दार धरलंय—

ती वळली. म्हणाली, आजी, जाते.

जाते. बोलायला शिकल्यापासून कधी असं—

येते म्हण, बाळा. नुसतं एकदा येते म्ह—