काकांचा ‘बिसीच’

मंगळवार, संध्याकाळ. सांगवी.

‘बिसीच’ म्हणजे हात जोडून विनवणे. इंग्रजी शब्दकोशात पाहिलं आणि भडकले. चाकणच्या कंपनीच्या गेटवर मी वर्षानुवर्षं ‘मागत नाही, बजावतो’ म्हणत आले, आणि सुनीताला कामावर परत घ्या, या आमच्या युनियनच्या अर्जात हे? अर्ज देशपांडेकाकांचा. देहूरोडला कारकुनी करून निवृत्त झालेले; आमचे इंग्रजी अर्ज तेच लिहितात, जुन्या साहेबी थाटात.

‘काका, हा शब्द काढा.’

‘ताई, भाषण तुमचं, अर्ज माझा. मागचा साध्या इंग्रजीत होता, त्यांनी वाचला आणि केराच्या टोपलीत टाकला. ह्या शब्दासाठी त्या पोरसवदा मॅनेजरला डिक्शनरी उघडावी लागेल. तेवढा वेळ तरी सुनीताचं नाव त्याच्यासमोर राहील.’

मी खालची ओळ वाचली: ‘फोर्थविथ’. म्हणजे ताबडतोब. आधी विनवणी, लगेच हुकूम. कुठून सुचतं या माणसाला?

सही केली. मग सुनीताचा फोन. ‘ताई, काय लिवलंय त्यात?’

‘बिसीच’ ओठांवर आलं होतं. म्हटलं, ‘तुला ताबडतोब परत घ्या, असं.’ खोटं नाही. पण काकांनी आणि मी तिच्यासाठी हात जोडलेत, हे तिला कशाला सांगू?