नऊपर्यंत इस्त्री

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी नऊनंतर माझ्यावर जो प्रसंग ओढवला त्याची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून मीच घेते. कॉम्प्युटर चालू झाला नाही. बटण दाबलं – शांतता. पुन्हा दाबलं – आणखी शांतता. पंखा नाही, हिरवा ठिपका नाही, सुरुवातीची ती घरघर नाही. निदान शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करावा, एवढी तरी वेळ होती. कुणी काही केलं नाही. भाऊजींनी फक्त विचारलं, चहा ठेवू का.

या घरात जाड पिन घेणारं आणि ठिणग्या न उडवणारं सॉकेट एकच – माझ्या टेबलाशेजारी, खिडकीखाली. त्यावर हक्क दोघांचा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची लॉन्ड्री बंद पडली तेव्हा ‘जरा आठवडाभर’ म्हणून आले, ते आजतागायत. येताना दुकानातली इस्त्री आणली – तान्ह्या पोराएवढी जड, आणि तितक्याच काळजीनं. तेव्हापासून करार असा की नऊपर्यंत सॉकेट इस्त्रीचं, नऊनंतर कॉम्प्युटरचं. करार कुणी केला नाही, तो पडत गेला. नवरा बोटीवर. घरात आम्ही दोघं आणि एक सॉकेट.

तर आज इस्त्रीची पिन निघाली, माझी लागली, आणि हे! आणखी पुरावा काय हवा? मी भाऊजींना स्वच्छ सांगितलं – हे तुमच्या इस्त्रीचं काम, ती वीज ओरबाडते. त्यांनी टेबलावरचा दिवा आणून त्याच सॉकेटला लावून पाहिला. लागला.

"दिवा लागतोय की, वहिनी."

मी म्हटलं, दिवा गरीब असतो, तो कशावरही जगतो. वाक्य जमलं. वाक्य जमलं की मला ते खरंच वाटायला लागतं – धंद्याचा दोष. भाऊजींनी इस्त्रीची वायर गुंडाळली आणि इस्त्री आपल्या खोलीत नेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर वैद्यकी. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर – माझ्या लेखी ‘सर्वज्ञ’ – बनियनवर आले. म्हणाले, सगळ्या वायरी काढा, बटण थोडा वेळ दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते, मग पुन्हा लावा. केलं. वीज गेली असेल, दुखणं गेलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून ‘मदरबोर्ड’ एवढाच शब्द उच्चारला. डॉक्टर पेशंटच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात, तसं माझ्याकडे पाहिलं. चहा मात्र पूर्ण प्यायले.

बहीण फोनवर म्हणाली, झाकण उघड, मेमरीची पट्टी काढ, खोडरबरानं पूस, परत बसव. मेमरी खोडरबरानं पुसायची हा सल्ला माझ्या माहेरूनच येणार. झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी. पट्टी पुसली, बसवली. काही नाही. मेकॅनिकला फोन केला. ‘शुक्रवारी येतो’ म्हणाला. कुठल्या, ते विचारायचा धीर झाला नाही.

आणि साप्ताहिकाचा विनोदी लेख आजच द्यायचा! लेख तयार होता, पण त्या डब्यात. मोबाइलवर पुन्हा लिहिणं म्हणजे सुईनं विहीर खणणं. संपादक म्हणाले, फोनवर सांगा, आमची पोरगी उतरवून घेईल. घासून घासून गुळगुळीत केलेला लेख, मला जवळजवळ पाठ होता. विषय – घरी येऊन बसलेला पाहुणा, जो दिसेल त्याला इस्त्री करतो. रुमालाला, पडद्याला, टॉवेलला, साप्ताहिकाच्या अंकालासुद्धा. (अंकाला खरंच करतात. छापखान्यातून तो चुरगळून येतो. भाऊजी दर शनिवारी पान न् पान सपाट करून माझ्या टेबलावर ठेवतात. हातात घ्यावा तर कोमट असतो.) कालच्या दुर्घटनेचा परिच्छेद जाता जाता जोडून दिला. खापर अर्थात इस्त्रीवर.

इतकी वर्षं मी लोकांना बोटांनी मारत आले. बोटांचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. आज पहिल्यांदाच तोंडानं मारावं लागलं, आणि त्यात लाइन खराब. पोरगी दर वाक्याला ‘काय मॅडम? काय मॅडम?’ शेवटचं वाक्य तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर ओरडून –

"कपड्यांची सुरकुती इस्त्रीनं जाते. पाहुणा कशानं जातो?"

फोनपलीकडे पोरगी खुदकन हसली. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

जेवताना भाऊजी नेहमीसारखेच. पाणी वाढलं, लोणचं पुढे सरकवलं. ताटं उचलताना म्हणाले, "वहिनी, टॉवेलला मी इस्त्री करत नाही. टॉवेल मग पाणी टिपत नाही."

एवढंच. बाकी मजकुराबद्दल तक्रार दिसली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कपाटावरची त्यांची बॅग खाली आली आहे. नऊपर्यंत सॉकेट रिकामं. नऊनंतरही रिकामं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार आला आणि मेकॅनिकही आला. दोघं एकाच दिवशी येतील असं वाटलं नव्हतं.

त्यानं सीपीयू जेवणाच्या टेबलावर आडवा घातला. सकाळपासून हा सतरावा, आणि बारा ठिकाणी नुसती वायर सैल असते, असं मला सुनावून झालं. मग वीज पुरवणारा डबा बाकीच्यापासून सोडवला आणि वाकवलेल्या टाचणीनं त्याच्या दोन तारा जोडल्या. डब्याचा पंखा फिरला. म्हणाला, हा जिवंत आहे. मग सगळं पुन्हा जोडलं, आणि मदरबोर्डावर येणारी बटणाची वायर उपसून तिथल्या दोन बारक्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.

घरघर! हिरवा ठिपका! मेलेलं माणूस उठून ‘चहा झाला का’ विचारतं, तसं.

मग बिघडलं काय होतं? त्यानं पुढच्या मोठ्या बटणावर नख फिरवलं. बटण आत गेलेलं, बाहेर येईना. एकदा दाबलं ते दाबलेलंच. म्हणाला, सतत दाबून धरलेलं बटण म्हणजे दारात बोट ठेवून दार लावण्यातला प्रकार. मग बटणाकडे नीट पाहिलं आणि माझ्या पायांकडे.

"ताई, हे पायानं दाबता का?"

दाबते. सीपीयू टेबलाखाली असतो, रोज कोण वाकतंय? उजव्या पायाचा अंगठा, सकाळी नऊच्या ठोक्याला. बटणाला खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो.

दारात भाऊजी उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, इस्त्रीमुळे झालं असेल का हो? मेकॅनिकनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, इस्त्रीचा काय संबंध, सॉकेटवर दिवा लागत होता ना?

लागत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला हा प्रकार. आणि चोर माझ्याच चपलेत.

मोठ्या बटणाची वायर त्यानं खालच्या बारीक, रीसेटच्या बटणाला जोडली. मोठं आता शोभेचं, बारीक दाबायचं – आणि हातानं, असं दोनदा बजावून गेला.

"चला, बरं झालं," भाऊजी म्हणाले. मग त्याच आवाजात सांगितलं की दुकानातल्या जुन्या कारागिराच्या शेजारी एक खोली मिळतेय, रविवारी जाईन म्हणतो. मी ‘का’ विचारलं नाही. ‘का’ ते माझं तीनदा सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा ओरडून.

संपादकांना फोन केला. लेख काढा. म्हणाले, पानं छापायला गेली, आणि काढायचा कशाला? ऑफिसात सगळे हसताहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अंक आला. दारात पडला तसाच – ओलसर, घडीवर घडी. मीच उचलला. लेख चांगला झालाय. हीच पंचाईत.

दुपारी अंक टेबलावर नव्हता. नंतर होता. घडी मूळ घडीवर, कड कडेला. अशी घडी या घरात एकच माणूस घालतो. इस्त्री मात्र केलेली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींचं जाणं आठवडाभर पुढे गेलं. खोलीचा रंग ओला आहे. रंगाऱ्याच्या आळसाला कधी नव्हे ते दुवा दिला.

नवऱ्याचा फोन. त्याला कळलेलं होतंच – तो जातोय म्हणे, तू काही बोललीस का त्याला? मी म्हटलं, त्यांना नाही बोलले.

"मग कुणाला?"

"सगळ्यांना."

आज लाइन चांगली होती, दुर्दैवानं. पलीकडचा समुद्रसुद्धा ऐकू येत होता. मग म्हणाला, लहानपणी तो माझी पुस्तकं उशीखाली ठेवून झोपायचा, कोपरे सरळ व्हावेत म्हणून. आणि फोन ठेवला.

भाऊजींना म्हटलं, नऊ वाजायचे आहेत, सॉकेट मोकळं आहे. "नको वहिनी. तुमचं यंत्र नाजूक आहे," म्हणाले. त्यात टोमणा शोधला. सापडला नाही. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

त्यांचा शर्ट चुरगळलेला होता. लॉन्ड्रीला कुलूप लागलं त्या दिवशीही त्यांची कॉलर ताठ होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बारीक बटण फार खाली आहे. रोज गुडघे टेकावे लागतात. बाहेरून कुणी पाहिलं तर भक्तीच वाटेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींनी विचारलं, इस्त्री काही दिवस इथेच ठेवली तर चालेल का? त्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा, जाड पिनेची सोय नाही. मालक करून देणार नाही. मग कारागिराकडे जाऊन करत जाईन म्हणाले, त्याच्या वेळेनं.

चालेल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दिवसभर एक वाक्य जमलं नाही. सरळ वाक्याची सवय मोडली आहे. ‘चुकलं माझं’ – कर्ता, क्रियापद, सगळं हजर. पण तोंडाशी आलं की त्याला आपोआप शेपूट फुटतं, आणि शेपटीला विनोद लागतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेख पाठवला. नगरपालिकेच्या कारंज्याबद्दल. बरा आहे. त्याखाली एक चौकट पाठवली. मजकूर असा:

‘खुलासा. गेल्या अंकातला पाहुणा टॉवेलला इस्त्री करत नाही. कॉम्प्युटर त्याच्या इस्त्रीनं नव्हे, लेखिकेच्या पायाच्या अंगठ्यानं बंद पडला होता. शिवाय तो पाहुणा नाही, घरातला माणूस आहे. शेवटच्या ओळीतला प्रश्न लेखिका मागे घेत आहे.’

पाच वेळा वाचला. शेपूट नाही.

संपादकांचा लगेच फोन. यात विनोद कुठे आहे, विचारलं. नाहीये, म्हटलं. मग छापायचं कशाला? आणि तुमच्या एका लेखावर त्या मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला होता, तेव्हा आपण काय कळवलं होतं आठवतं ना – विनोदाला खुलासा नसतो. वाक्य माझंच. त्यांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलंय.

"आठवतं," मी म्हटलं. "पण मुख्याध्यापकांच्या आणि माझ्या घरात एकच सॉकेट नव्हतं."

त्यांना काही कळलं नाही. चौकट जाड करा, एवढं सांगून फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अंक आला. चौकट आहे, पुरेशी जाड आहे. भाऊजी खोली झाडून घ्यायला गेले होते. इस्त्री कोपऱ्यात, तिच्यावर जुना पंचा पांघरलेला. बॅग भरून दाराशी. मी अंक बॅगेवर ठेवला. घडी मोडली नाही – ओलसर होता तसाच.

संध्याकाळी आले. बॅगेवरचा अंक उचलून बगलेत धरला. मग म्हणाले, रंग वाळलाय.

मी म्हटलं, बरं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गुडघे टेकून बारीक बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला नाही! ठिपका नाही, घरघर नाही. वाकून पाहिलं – माझी पिन जमिनीवर, सॉकेटात जाड पिन. टेबलावर कालचा अंक, पान न् पान सपाट. हात लावला. कोमट. भाऊजी स्टुलावर चढून पडदे उतरवत होते. बॅग पुन्हा कपाटावर.

त्यांच्या बऱ्याच सकाळी माझ्याकडे बाकी राहिल्यात. नऊ वाजून गेले. पिनेला हात लावला नाही.