बारा नमुने

३ डिसेंबर, मंगळवार

पोहोचलो एकदाचा! मुकुटबनला बसमधून उतरलो तर बाबाराव स्वतः मोटरसायकल घेऊन उभे. माझी धनुष्याची लांबलचक पेटी बघून पहिला प्रश्न, "बँडवाले हायेत का भाऊ तुमी?" तिथून नऊ किलोमीटरवर त्यांचं गाव. घर ऐसपैस, शेणाने सारवलेलं अंगण, आणि कौसल्याकाकूंच्या हातची तुरीच्या सोल्यांची भाजी. चार भाकरी खाल्ल्या.

काम सांगायला सोपं. रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपात कातडीचा काही रोग आहे का ते वनखात्याच्या परवानगीने तपासायचं आहे. माझ्या बाणाला पातं नाही, पुढे पोकळ नळी आहे. ती रोह्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर बसते, हरभऱ्याएवढा तुकडा कापते आणि बाण खाली पडतो. जनावर दचकून पळतं, एवढंच. तुकडा कुपीत घालायचा, कुपीवर आकडा टाकायचा. पंधरा दिवसांत बारा नमुने. बारा दिले की प्रकल्पात तीन वर्षांची नेमणूक, तीही लोहाऱ्यातल्या माझ्या घरून ये-जा करता येईल अशी. निशिगंधाला सातवा महिना लागलाय. बाळाच्या वेळी मी घरी असावं, एवढं एकच तिने मागितलंय. राज्य पातळीवर दोन पदकं मिळवलेल्या तिरंदाजाला बारा रोही म्हणजे डाव्या हातचा मळ.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी शेत पाहिलं. तूर डोक्याएवढी, फुला-शेंगांवर आलेली, पलीकडे कपाशीची पऱ्हाटी आणि मग जंगल. शेताच्या मधोमध चार बल्ल्यांवर माळा बांधलेला आहे. रात्री राखणीच्या जागलीला सगळे तिथेच बसतात. बाबाराव मला शिडी दाखवायला लागले, मी म्हटलं मी खालीच बसणार. वरून मारला तर बाण पाठीच्या कण्यावर उतरतो, सपाटीवरून मारला तर नीट पुठ्ठ्यावर बसतो. शिवाय तो माळा इतका करकरतो की रोही तेलंगणात पळून जातील. मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला पऱ्हाट्या रचून बसायची जागा केली.

इथे एक पद्धत आहे. दिवस मावळताना राखणदार आपापल्या माळ्यावर उभे राहून स्वतःच्या नावाची हाळी देतात आणि शेजारच्या शेतातला ओ देतो. शेजारी उकंडा नावाचे म्हातारे राखण करतात. ते मुद्दाम बांध ओलांडून सांगायला आले. "खाली बसता त बसा, पण आवाज द्या भाऊ. माणूस आवाज देते. जे देत नाही ते कळपातलं." मी म्हटलं, काका, वीस पावलांवर आलेला रोही मी माझं नाव ओरडून पळवू का? ते परत बांध ओलांडून गेले. लोक एवढ्या साध्या गोष्टीला का चिकटून बसतात कोण जाणे.

६ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस, शून्य नमुने. वैताग आलाय. पहाटे पाच वाजता जाऊन बसतो, संध्याकाळी पुन्हा तेच. रोही येतात, पण वारा फिरला की नाकं वर करतात आणि पसार होतात. एकदा दोरी ओढली तर शिंक आली. एकदा ऐन वेळी पायाला मुंग्या आल्या. पदकं मिळवली त्या मैदानावर निशाण निदान जागेवर उभं तरी असायचं!

आजपासून साबण बंद. कपड्यांना रोह्यांच्या लेंड्या चोळल्या. कौसल्याकाकूंनी माझं ताट ओसरीवर वाढलं आणि नाकाला पदर लावून हसत राहिल्या. हाळी दिलेली नाही, देणारही नाही. तेवढा एक उपाय तरी माझ्या हातात आहे.

८ डिसेंबर, रविवार

लेंड्यांनी काम केलं, पण भलतंच. रोही आता पळत नाहीत. आठ-दहा जण सरळ माझ्याकडे चालत येतात. समोरून फक्त तोंड आणि छाती दिसते, तिथे मारायची परवानगी नाही. मी कुशीला सरकलो की तेही सरकतात. पुठ्ठा दाखवायलाच तयार नाहीत. आज डोकं इतकं फिरलं की बसल्या जागी ढेकळं फोडली. त्यातच मांडीत काहीतरी कचकन रुतलं. बाभळीचा काटा असावा, बरंच रक्त आलं.

आणि घरी आलो तर बाबाराव खूश. "काल अन् आज आवाज देल्ला तुमी, बरं केलं!" मी म्हटलं, मी नाही दिला. ते हसले. उकंडाकाकांनी ओसुद्धा दिली म्हणे. माझं नाव, माझा आवाज, माळ्यावरून. मी त्या माळ्याची शिडीही चढलेलो नाही. कोणीतरी टवाळी करतंय, आणि कामाच्या वेळी मला ती अजिबात खपत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

प्रकल्पाच्या मॅडमचा फोन. अभिनंदन म्हणे, तीन नमुने उत्तम आलेत!

मी एकही दिलेला नाही. पेटी उघडून पाहिली. बारा कुप्यांतल्या तीन नाहीत. दर दोन दिवसांनी प्रकल्पाची जीप येते. तिचा ड्रायव्हर शाम, त्याला विचारलं तर म्हणतो, "तुमीच त हातात देल्ल्या, माळ्याखाली. मजाक करून राह्यले का?" मॅडमना खरं सांगावं की नाही यात तास गेला. सांगितलं नाही. नेमणूक डोळ्यांसमोर दिसत होती. याची मला लाज वाटते.

संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना मांडी पाहिली. काटा नाही तो. गोल भोक आहे, काठ सरळ कापलेले, हरभऱ्याएवढं. तशीच आणखी दोन, पुठ्ठ्यावर. मोजून तीन.

११ डिसेंबर, बुधवार

नोकरी गेली तेल लावत. सामान बांधलं आणि सकाळीच सडकेवर जाऊन उभा राहिलो. बस आली. हात केला, मधोमध उभा राहून केला. ड्रायव्हरने गुरांसाठी वाजवतात तसा लांब हॉर्न वाजवला, वळसा घेतला आणि गेला. खिडकीतल्या एका बाईने लेकराला बोट दाखवून मला दाखवलं. लेकरू टाळ्या वाजवत होतं.

परत आलो तर कौसल्याकाकू कोणाशी तरी बोलत होत्या, "अजून एक भाकर घ्या ना भाऊ." आत माझी चप्पल काढलेली. घाईत विसरलेला माझा फोनही आत वाजत होता, आणि कोणीतरी उचलला. निशिगंधाचंच नाव घेऊन बोलत होता. प्रेमाने बोलत होता. मी अंगणात पाय ठेवला तशी कुत्री अंगावर आली.

सामान तिथेच टाकून पळालो. खिशात ही वही आणि पेन तेवढं आहे. भीती वाटते, खूप.

१२ डिसेंबर, गुरुवार

तुरीत झोपलो. रोही भोवती बसले होते. त्यांच्या अंगाची ऊब लागत होती, म्हणून थंडी बाधली नाही. हे लिहायला नको होतं.

दिवस मावळताना आज स्वतः हाळी दिली. गळा फाटेस्तोवर दिली. उकंडाकाका माळ्यावर उभेच होते. त्यांनी इकडे पाहिलं, कान दिला, ओ मात्र दिली नाही. मग आमच्या माळ्यावरून आवाज आला, अतुल हो ऽऽ. त्याला काकांनी ओ दिली.

सात भोकं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

भर दुपारी काकांच्या बांधावर गेलो. हात जोडले, गुडघ्यावर बसलो, रडलो. ते गोफण घेऊन उठले. पण फिरवली नाही. बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग म्हणाले, "आधीच सांगतलं होतं ना बाप्पा." आणि पाठ फिरवून बसले.

त्यांना कळलंय. म्हणजे कळूनही—

१४ डिसेंबर, शनिवार

त्याला नीट पाहिलं. माळ्यावर, उन्हात. माझा शर्ट. दोरी ओढताना माझा कोपर जरा वर जातो, पाच वर्षं कोच ओरडायचे, सुधारला नाही. त्याचाही जातो. नेम मात्र माझ्याहून चांगला आहे. मी कुशीला सरकतो, तो थांबतो. घाई नाही त्याला. मला ते काही केल्या जमलं नाही.

अकरा. बसता येत नाही. आडवा पडून लिहितोय.

१५ डिसेंबर, रविवार

जीप आली आहे. माझं सामान आत ठेवलंय. बाबाराव नारळ देताहेत, काकू डोळे पुसताहेत. शाम म्हणतोय, आज बारावा झाला की निघू, संध्याकाळपर्यंत लोहारा—

तो शिडी चढतोय.

रोही उठले. सगळे पलीकडे गेले. मला उठता येत नाही—

शाम माझ्याकडे बोट दाखवतोय. "ते पाहा भाऊ, एक बसेल हाय."

निशिगंधा, ही वही कोणी तुला दिली तर— आज घरी जो येईल तो मीच वाटेन. आवाज माझाच असेल. त्याच्या मांडीवर बघ, एकही खूण नसेल. बाळाला त्याच्या हातात— आणि दार आतून—